आईच्या बुबुळातली माणसं

फोटो मी काढला आणि बक्षीस मामाने घेतलं. स्टुडिओ त्याचा, कॅमेरा त्याचा, म्हणून फोटोही त्याचाच. एरवी मी गिळून टाकलं असतं, पण तो फोटो माझ्या आईचा होता, ती जायच्या आदल्या आठवड्यातला. आणि बक्षीस घेताना हा गृहस्थ रुमाल काढून म्हणाला, "ताईची ती नजर फक्त तिच्या भावासाठी होती." माझं टाळकंच सरकलं.

बघायला त्यानेच शिकवलं, हे नाकारत नाही. "आधी डोळे बघ, बाकी चेहरा खोटं बोलतो," असं तो म्हणायचा. स्वतः मात्र लांबून, मान तिरकी करून बघणार. हसू ठीक, केस ठीक, झालं. डोळ्यांचं काम माझं. बुबुळात समोरचं सगळं उमटतं, दिवे, खिडकी, फोटो काढणारासुद्धा. ते सगळं पुसून एक पांढरा ठिपका तेवढा ठेवायचा, ही आमच्या स्टुडिओची रीत.

प्रदर्शनासाठी त्याला तो फोटो भिंतभर हवा होता.

"डोळे चकाचक कर हं."

"करते की," मी म्हटलं आणि कशालाही हात लावला नाही. छापून आल्यावर मामा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला, मान तिरकी केली आणि "झकास!" म्हणाला. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

उद्घाटनाला तो प्रत्येकाला सांगत सुटला होता, ताईने कसं बघितलं, याने नेमक्या क्षणी बटण कसं दाबलं. मी शेजारी, गुणी भाचीसारखी. तेवढ्यात मावशीने चष्मा लावला आणि फोटोला जवळजवळ नाकच टेकवलं.

"अगं, हिच्या डोळ्यात तू आहेस! कॅमेरा तुझ्या हातात दिसतोय."

माणसं पुढे सरकली. मामा हसत म्हणाला, "काहीतरीच तुझं!" पण हसू अर्ध्यातच अडकलं.

"आणि मागे खिडकीशी हा कोण?" मावशीने विचारलं.

"मामा," मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. "आई त्याला हाका मारत होती. तो फोनवर होता."

मामा पहिल्यांदाच फोटोच्या जवळ गेला. बशीएवढ्या बुबुळात तो अंगठ्याएवढा दिसत होता, कोपर वर, बहिणीकडे पाठ. तो बघतच राहिला. लोक कुजबुजत पांगले, तरी तो हलला नाही.

"मला ऐकूच आलं नाही गं," तो म्हणाला. "काय म्हणत होती ती?"

"जवळ ये म्हणत होती."

तो तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्यानंतर त्याने कॅमेरा हातात धरलेला नाही.

आईने हाक मारलीच नव्हती. ती शांतपणे माझ्याकडे बघत होती, एवढंच. पण हे मी त्याला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.