शलूच्या वाटचं पाणी

डोमाजीचा भाऊ चंद्रभान रोहणा गावाहून पुलगावच्या दवाखान्यात आला. वॉर्डाच्या दारातूनच त्याने खाटेकडे पाहिले आणि डॉक्टरांना म्हणाला, "आमच्या घरी ठेवाले जागा नाई जी." मग चहा पिऊन येतो म्हणून बाहेर गेला तो परत फिरकलाच नाही.

डोमाजीच्या उजव्या अंगावरून लकवा गेला होता. पुलगाव स्टेशनबाहेर तो पडलेला सापडला तेव्हा कोणीतरी रिक्षात घालून दवाखान्यात आणून टाकले होते. आता मार्च लागला होता, हगवणीचे रोगी येऊ लागले होते आणि खाटा अपुऱ्या पडत होत्या. "उद्या याचं नाव कापावं लागेल," डॉक्टर म्हणाले, "पण याला सोडायचा कुठे?"

मलमपट्टीचा ट्रे हातात घेऊन उभी असलेली कमला सिस्टर म्हणाली, "मी नेते माझ्या घरी."

वॉर्डातली आया शोभाबाई तिच्या तोंडाकडे पाहतच राहिली. डोमाजी कोण हे तिला ठाऊक होते. ते साऱ्या पुलगावला ठाऊक होते.

शहात्तर सालच्या डिसेंबरात, नाताळ जवळ आला असताना, कमलाची एकुलती एक मुलगी शलोमी चर्चमधले गाण्याचा सराव आटोपून घरी निघाली होती. अकरा वर्षांची पोर. नाल्याजवळच्या वळणावर कापसाने भरलेली ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर आला. चालवणारा डोमाजी दारू प्यायलेला होता. पोरगी चाकाखाली आली आणि तो पळून गेला. दोन दिवसांनी पोलिसांनी त्याला धरले. कोर्टात तो म्हणाला, "जागच्या जागी गेली जी, मी थांबून काय केलं असतं?" त्याला दोन वर्षांची सजा झाली.

'जागच्या जागी' हा शब्द कमलाने मनात जपून ठेवला होता. पोरीला दुखले नाही, तिला काही कळलेही नाही, एवढाच तिला आधार होता.

संध्याकाळी तिने घरी सांगितले तेव्हा तिचा नवरा प्रेमदास जेवत होता. तो कापडमिलमध्ये सांचावर, म्हणजे मागावर, होता आणि मुळातच कमी बोलणारा होता. त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"त्याले? आपल्या घरात?"

"हो."

"काऊन? दुनियेत दुसरं कोणी नाई काय?"

"नाई," कमला म्हणाली. "त्याचा भाऊच नाई म्हणून गेला. इतकी वर्षं आपण दर रविवारी गुडघे टेकून क्षमेची प्रार्थना म्हणतो. मी 'आमच्या अपराध्यांना आम्ही क्षमा करतो' या ओळीपाशी गप्प राहते, तुमाले माहीत आहे. असं किती दिवस गप्प राहू? म्हणायची तर खरी म्हणायची, नाई तर चर्चमध्ये जायचं सोडून द्यायचं."

प्रेमदास उठला आणि हात धुऊन बाहेर गेला. नाही मात्र म्हणाला नाही. शलोमीची, त्यांच्या शलूची, खोली ती गेल्यापासून बंदच होती. कमलाने ती उघडली, झाडली आणि खाटेवर धुतलेली चादर घातली.

डोमाजीने तिला ओळखले होते. वॉर्डात पहिल्या दिवशीच त्याने डाव्या हाताने तोंड झाकून घेतले होते. आता घरात आणल्यावर तो रडायला लागला. "सिस्टरबाई, मले रस्त्यावरच मरू द्या. तुमचं अन्न मले कसं जाईन?"

"हळूहळू जाईन," कमला म्हणाली आणि तिने त्याला पेज भरवली.

ती त्याला पुसून काढी, कूस बदलवी, त्याची घाण उचली. ड्युटीवर जाण्याआधी एकदा, दुपारच्या सुट्टीत घरी येऊन एकदा आणि संध्याकाळी परत एकदा. शेजारची कौशल्याबाई कुंपणावरून म्हणाली, "बाई, तू देवमाणूस आहेस का येडी आहेस, मले समजत नाई." चर्चचे पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले. जाताना ते हळूच म्हणाले, "कमलाबाई, हे तुम्हाला झेपेल का?" तिने हसून मान हलवली. खरे तर तिला त्या माणसाचा वासही सहन होत नसे. त्याचे तोंड पुसताना ती डोळे भिंतीकडे वळवी. प्रेमदास तर त्या खोलीचा उंबरठाही ओलांडत नसे. तो अंगणात जेवे आणि अंगणातच झोपे.

एप्रिलमध्ये ऊन पेटले. दुपारी गल्लीत कुत्रेही दिसत नसे. दारूगोळ्याच्या डेपोकडून कधीमधी धडाम् आवाज येई, खिडकीच्या काचा थरथरत आणि पुन्हा सगळे शांत होई. अशाच एका दुपारी कमला आत आली तर डोमाजी दाराकडे एकटक पाहत होता. तिच्याकडे नव्हे, तिच्या शेजारी, जरा खाली.

"काय पाहता?"

"पोरगी," तो म्हणाला. "रोज येते. भर दुपारी. तिथं उभी राह्यते."

कमला वळली. दारात पांढरे ऊन होते, दुसरे काही नव्हते.

"कोणती पोरगी?"

"तुमची."

पुरे झाले, याचा आजार डोक्यात चढला, असे ती स्वतःला सांगत दवाखान्यात परतली. पण दुसऱ्या दिवशी तिने विचारले, "आली होती?" मग विचारले, "अंगावर काय होतं?"

"निळं फराक. एक वेणी सुटेल होती. लाल रिबीन लोंबून राह्यली."

फ्रॉक निळाच होता. ते कोर्टातही आले होते आणि त्याने स्वतः पाहिलेही होते. पण कमलाचे मन तिथे थांबायला तयार नव्हते. सात वर्षांत शलू तिच्या स्वप्नातसुद्धा आली नव्हती. पोरीचा चेहरा आता फोटोसारखा, एकाच बाजूने आठवे. आणि इथे कोणीतरी तिला रोज पाहत होते.

तेव्हापासून दुपारची सुट्टी झाली की कमला उन्हातून पळतच घरी येई. डोमाजीची चादर ओली असे, ती बदलण्याआधी ती विचारी, "आहे? कशी दिसते? हसते काय? माझ्याकडे पाहते काय?"

"नाई. माह्याकडेच पाह्यते."

त्या 'नाई'ने तिच्या काळजाला चरे पडत. ती दाराशी जाऊन उभी राही, हवेत हात फिरवी, शलू, शलू म्हणे. पोरगी तिच्या हाताएवढ्या अंतरावर होती आणि तिला दिसत नव्हती. दिसत होती ती ज्याने मारले त्याला. तिला त्या माणसाचा हेवा वाटू लागला. संध्याकाळच्या प्रार्थनेत तो बरा व्हावा असे मागणे तिने केव्हा बंद केले, हे तिचे तिलाही कळले नाही.

प्रेमदासने मात्र पाहिले होते. एके दिवशी पहिली पाळी करून तो लवकर आला, तर बायको रिकाम्या दारापाशी जमिनीवर बसून शलूच्या रिबिनीचे विचारत होती आणि खाटेवरचा माणूस ओठ कोरडे पडून कण्हत होता. त्याने तिला अंगणात बोलावले.

"तू त्याची सेवा करून राह्यली का पोरीसाठी त्याले राखून राह्यली?"

कमलाने पुन्हा दाराकडे पाहिले.

"पाणी तरी पाजतं काय त्याले? ओठ पाह्य त्याचे. चिरले."

"तोच पीत नाई. सकाळी पितो, दुपारी तोंड मिटून घेतो."

"मंग इचार ना काऊन. रिबीन इचारतं, हे इचार."

दुसऱ्या दुपारी कमलाने पेल्यात पाणी घेतले आणि त्याच्या डोक्याखाली हात घातला. डोमाजीने ओठ घट्ट मिटले. त्याचे डोळे दाराकडे होते.

"काऊन पीत नाई?"

"पोरगी पाहून राह्यली."

"पाहू दे. तिच्यासमोर पाणी प्यायले काय होते?"

तो जड जिभेने बोलू लागला. "तिनं मांगतलं होतं, बाई. कोर्टात मी खोटं बोललो. जागच्या जागी नोती गेली. मी उतरलो, जवळ गेलो. डोळे उघडे होते. म्हणे, काका, पाणी. ट्रॅक्टरले पाण्यानं भरेल छागल टांगली होती. मी छागलीपाशी गेलो बी. तेवढ्यात नाल्याकडून बैलगाडी येताना दिसली, अन् मी पयून गेलो." त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होते. "तवापासून पाणी पाह्यलं की ते मले काका म्हणते. दारूच पेलो, पाणी जिवापुरतंच. आता दारूबी नाई."

कमलाने त्याचे डोके उशीवर ठेवले, पेला स्टुलावर ठेवला आणि ती घराबाहेर पडली. चपला घालायचे तिला सुचले नाही. तापलेल्या मातीवरून ती चर्चपर्यंत गेली. दाराला कुलूप होते. पायऱ्यांवर हातभर सावली होती, तिथे ती बसली.

जागच्या जागी. इतकी वर्षे ज्याला धरून होतो ते खोटे होते. आपली पोर धुळीत पडून पाणी मागत होती आणि दोन पावलांवर पाणी होते. कमलाने तोंडात पदर कोंबला. 'प्रभू,' ती मनात म्हणाली, 'हा माणूस मी तुझ्या नावाने घरात आणला. आता त्याला खाटेसकट रस्त्यावर फेकावेसे वाटते. मला जमणार नाही. तू म्हणालास ते मला जमणार नाही.' चर्चच्या कौलांवर कबुतर घुमत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. रडणे सरल्यावर तिला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती पहिल्यापेक्षा भयंकर होती. महिनाभर पोरगी त्या दारात तहानलेली उभी होती. आणि आई तिला विचारत होती ती रिबीन, वेणी, फ्रॉक. ती जाऊ नये म्हणूनच त्या माणसाला तिने तसा तळमळत ठेवला होता. पोरीला तिथे अडवून ठेवणारा एकटा डोमाजी नव्हता.

ती घरी आली तेव्हा प्रेमदास आला होता. तिने त्याला सगळे सांगितले, एकही शब्द न गाळता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. पहिल्यांदाच तो त्या खोलीत शिरला. डोमाजीने त्याला पाहिले आणि मान पुढे केली. "मारा, दादा," तो म्हणाला. कमलाने नवऱ्याला अडवले नाही. अडवायचे बळच तिच्यात नव्हते. प्रेमदासच्या मुठी वळल्या होत्या. तो तसाच उभा राहिला, मग बाहेर जाऊन न्हाणीच्या भिंतीला डोके टेकून मोठ्याने रडला. इतका मोठ्याने की कौशल्याबाई कुंपणापाशी आली आणि काही न विचारता परत गेली.

मग माठातून पाणी काढल्याचा आवाज आला. प्रेमदास भरलेला गडवा घेऊन दाराशी आला. पाणी सांडत होते. "तू पाज," तो कमलाला म्हणाला. "मले होत नाई."

कमलाने गडवा घेतला. ती आधी दाराकडे वळली. तिला काहीच दिसत नव्हते, कधी दिसलेच नव्हते.

"शलू," ती म्हणाली, "माय, मी तवा तिथं नव्हती. तुले पाणी नाई देऊ शकली. तुह्या वाटचं पाणी मी आता याले पाजते. तू थांबू नको. माझ्यासाठी बी थांबू नको. प्रभूपाशी जाय."

शेवटचे वाक्य बोलताना तिचा आवाज फुटला, पण तिने ते पुरे केले. मग डोमाजीच्या डोक्याखाली हात घालून तिने गडवा त्याच्या ओठांना लावला. या वेळी तिने भिंतीकडे पाहिले नाही, त्याच्या तोंडाकडेच पाहिले. पहिला घोट तो गिळेना. गालावरून ओघळला. दुसरा गेला. मग तो लहान मुलासारखा घटाघटा प्यायला, अंग भिजेपर्यंत.

"आहे?" कमलाने विचारले.

त्याने दाराकडे पाहिले. "नाई," तो म्हणाला. "गेली."

कमलाने गडवा खाली ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसली. पोरगी पुरली त्या दिवशीही ती एवढी एकटी नव्हती.

डोमाजीने त्यानंतर जून-जुलै काढले. तो शांत झोपू लागला. प्रेमदास त्याच्याशी कधी बोलला नाही, पण कूस बदलायला कमलाला माणूस लागे तेव्हा तो येऊन दुसरी बाजू धरी. एकदा त्याने त्याची दाढीही केली. ऑगस्टमध्ये एका पहाटे डोमाजी झोपेतच गेला. रोहण्याला निरोप धाडला, चंद्रभान आला नाही. त्याच्या रीतीप्रमाणे त्याला जाळायला हवे म्हणून प्रेमदासने मिलमधले तिघे गोळा केले आणि चौथा खांदा स्वतः दिला. पुढे कोणी बोलले तर तो एवढेच म्हणे, "आणखी कोण देणार होतं?"

कमलाला मनःशांती मिळाली असेल, असे चर्चमधल्या बायका म्हणत. पण दुपारी वॉर्डात काम करताना कोणी लहान मुलाने पाणी मागितले की ती हातातले टाकून धावे, आणि मूल पिऊन झाल्यावरही रिकामा पेला हातात धरून तिथेच उभी राही. कधी कधी शोभाबाईला येऊन तो तिच्या हातातून काढून घ्यावा लागे.

पोळा झाला त्या आठवड्यात प्रेमदासने ती खाट बाहेर काढली, राखेने घासली आणि उन्हात टाकली. कमलाला वाटले, आता तो खोलीला पुन्हा कुलूप घालणार. तो चिंध्या पिळत म्हणाला, "दवाखान्यात अजून कोणी आहे काय, बिनमाणसाचं?"

कमला त्याच्या हातातली एक चिंधी घेऊन खाट पुसू लागली.

"एक मंदाबाई आहे," ती म्हणाली. "म्हातारी. लय शिव्या देते."

"देऊ दे," प्रेमदास म्हणाला आणि खाट दुसऱ्या बाजूने वाळायला उलटी केली.