हात सोडलेलं विमान

"नाकात आणखी शिसं घालायचं का?" मदतीला आलेल्या नूरुल्लानं विचारलं.

"अजून घातलंस तर तळं नांगरेल ते," पुट्टस्वामी म्हणाले.

हिरियूरबाहेरच्या कोरड्या तळ्यात विमान लाकडी घोडीवर ठेवलं होतं, पंख दोन खुंट्यांवर टेकवून. ना नाक झुकत होतं, ना शेपूट. तोल अगदी चोख. तरी वर गेलं की डुलायला लागायचं, आणि गेले कित्येक रविवार हेच चाललं होतं. तालुक्यात कुणाचंही रिमोटचं विमान तिरकं उडालं की ते सरळ करायला पुट्टस्वामी टेलरांकडे यायचं. आणि त्यांनी स्वतः खपून केलेलं विमान मात्र सरळ जाईना. आज जमलं नाही तर रिमोट विकून टाकीन, असं त्यांनी सकाळी बायकोला सांगितलं होतं. त्यांचा शब्द म्हणजे कापलेलं कापड. म्हणून तर गिरिजम्मा आज चित्रान्नाचा डबा घेऊन सोबत आल्या होत्या.

विमान उडालं. रिमोट पट्ट्यानं गळ्यात अडकवलेला, अंगठे दोन दांड्यांवर. वर जाताच पंख डुलायला लागले. पुट्टस्वामींनी विमान सरळ धरणारं ट्रिमचं बटण एकदा डावीकडे दाबलं, एकदा उजवीकडे. काही फरक नाही. नूरुल्लानं आधी शेपटीला नावं ठेवली, मग वाऱ्याला. वारा नव्हताच.

"जा मग, पड कुठंही," म्हणत पुट्टस्वामींनी वैतागून दोन्ही हात काढून घेतले.

विमान पडलं नाही. एकदा हेलकावलं आणि शांत झालं. मग खडूनं कापडावर रेघ ओढावी तसं तळ्यावरून पार बाभळींपर्यंत सरळ गेलं. पुट्टस्वामींनी ते कसंबसं वळवलं आणि पुन्हा हात सोडले. येतानाही तसंच. कुणी चालवत नव्हतं, तरी ते चाललं होतं. त्यांच्या अंगावर काटा आला. एवढं सरळ विमान त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

नूरुल्लाची नजर त्यांच्या हातांकडे गेली आणि त्याची बडबड थांबली. रिमोटवरून उचललेले ते हात अजून थरथरत होते.

गिरिजम्मा जवळ आल्या. "विमानात खोट नाही हो," त्या हळूच म्हणाल्या.

"तुला ठाऊक होतं?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणत होतात ना? युगादीच्या सणापासून तुमची वाकडी काजं उसवून मीच पुन्हा करतेय. दुपारी तुम्ही आडवे झालात की."

पुट्टस्वामींना दुःख झालं, फार झालं. पण मान काही खाली जाईना, कारण वर ते अजून सरळ चाललं होतं.

त्यांनी पट्टा काढून नूरुल्लाच्या गळ्यात घातला. "उतरव. ट्रिमला मात्र हात लावू नकोस."

नूरुल्लानं मान हलवली. पण उतरवायची घाई केली नाही. त्यानंही दोन्ही हात पाठीमागे बांधले, आणि तिघं वर बघत उभे राहिले.