कोहळ्याचं लिव्हर

शेलूबाजारच्या जीपस्टँडमागच्या टिनाच्या शेडात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. फुलचंद महाराज रोग्याच्या पोटावर लाल कापडात गुंडाळलेला पट्टा बांधत, रबरी फुगा दाबत. पट्ट्याला जोडलेल्या घड्याळाचा काटा सरसर दोनशेवर चढे. मग महाराज डोळे मिटून पुटपुटत, अन् काटा हळूहळू खाली येई.

"पाहा, लिव्हरचं प्रेशर उतरून राह्यलं! नागपूरवाले मानेत नळी टाकतेत, आपण निसतं देवाचं नाव टाकतो!"

"जय हो!" लोक हात जोडत.

ते घड्याळ माझंच. मी जगदेव, निवृत्त आरोग्य सेवक. रक्तदाबाचं जुनं यंत्र मीच महाराजांना दिलं. त्यांनी टोपी-दुपट्टा, नारळ देऊन माझा सत्कार केला अन् मी फुगलो.

थोरल्या भावाला, भागवतदादाला, सिरॉसिस झाला होता. लिव्हर पार कडक झालं होतं. मानेतल्या शिरेतून बारीक नळी लिव्हरच्या शिरेपर्यंत नेऊन तिथला दाब मोजायचा, अशी तारीख नागपूरच्या डॉक्टरांनी दिली होती. दाब फार वाढला तर अन्ननळीतल्या फुगलेल्या शिरा फुटतात, आधी कळलं तर इलाज करता येतो, हेही समजावलं होतं. तारखेच्या आदल्या दिवशी महाराजांनी काटा उतरवला.

"पाह्य जगू, उतरलं! आता कायले मान टोचून घेऊ?" दादा म्हणाला.

मला सगळं ठाऊक होतं. नोकरीत पंचवीस वर्षं फुग्याजवळचा तोच हवा सोडायचा स्क्रू फिरवला होता. पण लोक माझ्या यंत्राचं कौतुक करत होते, अन् त्या नळीची मलाही धास्ती होती. मी म्हणालो, "बरं झालं, दादा." अकराव्या दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली. अकोल्याच्या वाटेवरच तो गेला. ते अकरा दिवस महाराजांनीच दिले असं मानून मनकर्णावहिनी दर गुरुवारी इथं नारळ आणायची.

आज पट्ट्याखाली मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा धनसिंग होता. खिशात तसाच नागपूरचा कागद.

"उद्याची तारीख हाय, महाराज. जाऊ का?"

"कायले? उतरलं ना!"

माझ्यानं राहवेना. दारात भाजी विकणाऱ्या हिरीबाईच्या पाटीतून एक कोहळं उचललं अन् महाराजांपुढं ठेवलं.

"महाराज, याचंबी मोजा."

"नास्तिका, चालता हो!"

"मंग मीच मोजतो. यंत्र माझंच हाय."

पट्टा कोहळ्याला गुंडाळला, फुगा दाबला. काटा दोनशेवर. फुग्याजवळचा स्क्रू जरासा सैल केला. फुस्स! काटा उतरू लागला.

"घ्या, कोहळ्याचं लिव्हर सुधरलं!"

महाराज सोडून सगळे हसले. मी सांगितलं, "पट्ट्यातली हवा जाते म्हून काटा उतरते. लिव्हरच्या शिरेतला दाब पोटावरून मोजता येत नाही, आत नळीच न्या लागते. धनसिंगभाऊ, उद्या जाच."

धनसिंगनं शर्टाची बटणं लावली. "दुखते का हो?"

"मले माईत नाही. पण जा."

तो जीपकडे गेला. गर्दी पांगली, वहिनी तेवढी उभी होती.

"भाऊजी, हा स्क्रू तुमाले तवाबी माईत होता?"

"होता, वहिनी."

तिनं महाराजांसाठी आणलेला नारळ माझ्या हातात ठेवला अन् मागं न पाहता निघून गेली.

बाबांहो, काटा उतरला की हवा कोणी सोडली ते विचारा. अन् ठाऊक असेल तर तिथल्या तिथं बोला. मी बोललो, पण दादा गेल्यावर.