एकसष्टाव्या कव्हराचं भोक

हे तुम्हाला पटणार नाही. मलाही पटलं नसतं, पण मी स्वतः तिथे होतो. साक्षीदार म्हणून खुद्द रुपचंद मास्तर इथेच, अमळनेर स्टँडजवळच्या या टपरीवर, पलीकडच्या बाकड्यावर पाठ करून चहा पीत बसलेत. मी चुकलो तर तेच टोकतील.

"मास्तर चार वर्षांत कुणाशी चार शब्द बोलले नाहीत," टपरीवाली भागाबाई म्हणाली. "ते काय टोकतील?"

"म्हणून तर साक्षीदार पक्का."

तर सोनकिरण ब्रास बँड, आपल्या मास्तरांचा. मी बारा वर्षांचा होतो, आत्याच्या लग्नात तो वाजला. दुसऱ्या दिवशी त्यांना धुळ्यात वाजवायचं होतं. मी ट्रकच्या मागे धुळ्यापर्यंत चालत गेलो.

"चालत?" रिक्षावाल्या वनाने विचारलं.

"परत येताना पळत. शाळा होती."

तेव्हापासून माझं ठरलं, या लोकांची रेकॉर्ड निघणार आणि तिचं कव्हर मी करणार. पुढे मी दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरलं, पण दर दिवाळीला सोनकिरणचं एक कव्हर केलं. कधी ढोलवाला, कधी नुसत्या टोप्या. एका वर्षी फक्त मास्तरांची क्लॅरिनेट, तिच्यातून निघालेलं केळीचं पान. साठ कव्हरं झाली. रेकॉर्ड एकही नाही. लोक म्हणायचे, अमृत पेंटरने म्हैस घ्यायच्या आधी साठ दावी वळून ठेवलीत.

मग डीजे आले. चार वर्षांपूर्वी बोदवडच्या एका लग्नात मास्तर वाजवत होते आणि मागून भिंतीएवढे स्पीकर सुरू झाले. नवरदेवाची घोडीसुद्धा तिकडे वळली. त्याच वर्षी मास्तरांचे पुढचे दात गेले, कवळी आली. उसन्या दातांनी सूरही उसना निघतो म्हणाले, आणि क्लॅरिनेट पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली.

आता ऐका. जळगावची एक मुलगी, मेघा, जुने बँड शोधत फिरते. हल्ली रेकॉर्डी पुन्हा निघायला लागल्यात, शौकीन लोक घेतात. ती माझ्या दारात आली, साठ कव्हरं बघितली आणि खाली बसली. म्हणाली, "आबा, एकसष्टावं करा. सोनकिरणची रेकॉर्ड मी काढते." पण तिची एक अट होती. क्लॅरिनेट मास्तरांचीच हवी. म्हणाली, बाकीचे अकरा जण तयार आहेत, पण मास्तरांशिवाय ती नुसती मिरवणूक, तिला मी रेकॉर्ड म्हणणार नाही.

मी मास्तरांकडे तीनदा गेलो. तीनदा त्यांनी कवळी काढून टेबलावर ठेवली. हे त्यांचं उत्तर.

"कव्हर केलंस का मग?" वनाने विचारलं.

केलं ना. पुठ्ठा माझा नेहमीचाच, असोद्याच्या मेव्हण्याकडची केळीची खोकी. चांगला जाड, रंग पीत नाही. या खोक्यांना हवा खेळायला गोल भोकं असतात. आजवर मी भोकं चुकवून कापत आलो. या वेळी एकच खोकं उरलं होतं आणि भोक आलं बरोबर मध्यावर. अकरा माणसं मी त्याच्या भोवती रंगवली, ढोल, झांजा, तुताऱ्या, सगळं. मध्ये, जिथे मास्तर उभे राहतात, तिथे भोक. मेघा म्हणाली, "इथे कोण?" मी म्हटलं, "जो येत नाही तो."

मास्तरांचा कप बशीवर टेकला. आवाज जरा जास्तच झाला.

"पुढे," भागाबाई म्हणाली.

पुढे गेल्या सोमवारी, ऐन दुपारी, कापसाच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये रेकॉर्डिंग. तू माहेरी गेली होतीस ना भागाबाई, म्हणून तुला ठाऊक नाही. बारा वाजले, मास्तर नाहीत. एक वाजला. मेघाने मशीन बंद करायला हात लावला आणि दारात मास्तर. निळा कोट, बगलेत पेटी. माझं कव्हर हातात घेतलं, भोकातून एकदा माझ्याकडे बघितलं आणि कवळी घट्ट बसवून हळदीची धून लावली.

पहिला सूर एवढा लांब ओढला की धुळ्याहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला वाटलं, आपलाच ब्रेक लागला. त्याने गाडी थांबवली. शेडबाहेर केळीचा ट्रक उभा होता, हिरवागार माल. धून संपेपर्यंत वरचा थर पिवळा झाला. ट्रकवाला हात जोडायला लागला, म्हणे मास्तर, दुसरं गाणं वाजवू नका, माल दिल्लीपर्यंत टिकला पाहिजे.

वना इतका हसला की बिडी विझली. "आणि घोडी?"

"घोडी बोदवडहून आली. माफी मागायला."

"बठ्ठं खोटं शे."

सगळं खोटं आहे, असं मास्तर बोलले होते, अहिराणीत. ते वळून बसले होते, चार वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडे तोंड करून.

"ती मुलगी परवा येणार आहे. आज शनिवार. गेल्या सोमवारी शेडमध्ये कुत्रंही नव्हतं, मी समोरच्या ओट्यावर बसलो होतो." त्यांनी जिभेने कवळी चाचपली. "आणि मी निळा कोट घातला? मी? क्लॅरिनेटवाला निळ्यात कधी असतो का रे? लाल. खांद्यावर पिवळे गोंडे. साठ कव्हरं केली आणि एवढं ध्यानात नाही."

"चुकलं मास्तर," मी म्हटलं.

"आणि हळदीची धून पहिली वाजवत नाहीत. आधी वंदन." ते उठले, चहाचे पैसे भागाबाईच्या डब्यात टाकले. "किती वाजता बोलावलंय तिने?"

"बारा."

"मग मी अकराला येईन. पेटी चार वर्षं उघडलेली नाही, पट्ट्या अडकल्या असतील." दोन पावलं जाऊन ते थांबले. "आणि त्याच्याआधी ते भोक बुजव."