जहाजाच्या कठड्यापर्यंत

लटारू बोरकुटेचा हात कोपरापर्यंत हिरड्यांच्या बोरीत गेला आणि पुडी बोटांना लागली. लागणारच होती. बल्लारपूर स्टेशनाजवळच्या नथमलशेठच्या गोदामात एटापल्लीकडची पहिली गाडी आली, की तिच्या पहिल्या बोरीत ती असायचीच. पळसाच्या पानात मूठभर तांदूळ, चार मोहफुलं आणि वर गाठ. तिकडे हिरडा वेचून बोऱ्या भरणाऱ्या सोमारीच्या घरची ती रीत. जंगलातून जे बाहेर जातं ते वाटेत उपाशी राहू नये, एवढाच तिचा अर्थ. लटारू दरवर्षी पुडी गुपचूप काढायचा, वर्धा नदीच्या पाण्यात सोडून यायचा आणि मगच 'माल साफ' म्हणून कागदावर सही करायचा. देवाचंही मन राहिलं, मुंबईच्या साहेबाचंही राहिलं.

यंदा मात्र पुडी हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. गाठ सुतळीची नव्हती, निळ्या काठाच्या चिंधीची होती. हा काठ तो पंधरा वर्षं ओळखत होता. सोमारीच्या नवऱ्याच्या, गाडीवान जंगूच्या पागोट्याचा तो.

"मामा मार्गशीर्षात गेले, बाबू," गाडी घेऊन आलेला लच्छू म्हणाला. लच्छू हा जंगू-सोमारीचा जावई. "ताप आला, चार दिसात खेळ खतम. तुमाले सांगाले कोनाले धाडाव, सहा दिसाची वाट."

लटारूने पुडीची गाठ अंगठ्याने चाचपली.

लटारू शेठचा कारकून. हिरडा मुंबईला जायचा, तिथून जहाजाने विलायतेत, चामडं कमावायला. मुंबईच्या दलालाची पत्रं यायची ती अशा शब्दांनी भरलेली की शेठ ती उलटी धरून पाहायचा. लटारू सातवी पास. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि रिकाम्या खोलीत करायचं काय म्हणून तो शब्दकोश घेऊन त्या पत्रांच्या मागे लागला. एफ.ओ.बी., सी.आय.एफ., बिल ऑफ लेडिंग. एकेका शब्दाने त्याचा एकेक पावसाळा खाल्ला. लोक त्याला जहाजबाबू म्हणत. वर्धेहून मोठं पाणी त्याने पाहिलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जहाजबाबू येताना दिसला की पानठेल्यावरची माणसं त्याचं जहाजपुराण टाळायला चुन्याची डबी खिशात घालून उठायची.

बसायचा एकटा जंगू. बैल सोडून तो गोदामाच्या पायरीवर बसे आणि म्हणे, "सांग बाबू, यंदा काय नवं शिकला?"

"एफ.ओ.बी. म्हंजे," लटारूने एकदा सांगितलं होतं, "माल जहाजाच्या कठड्यावरून पलीकडे जाईवरी जोखीम आपली. कठडा ओलांडला का घेणाऱ्याची."

"पोरीच्या लगनासारखं हाये न मंग. येस ओलांडेवरी बापाची, मंग सासरची."

लटारू थक्क झाला. जे समजायला त्याला दोन वर्षं लागली ते या माणसाने चिलीम पेटवता पेटवता समजून घेतलं. "अन् सी.आय.एफ. असलं तर जहाजाचं भाडं अन् वाटेचा विमाबी बापानंच भराव."

"म्हंजे पाव्हना लय शाना!"

दोघं पोट धरून हसले होते. "तू पाह्यला का रे तो कठडा?" जंगूने विचारलं.

"नाई. कागदावर वाचला."

"मले एकदा पाहा लागते. पलीकडं काय हाये ते."

आता तो गेला होता. वर्षातून दोनदा येणारा, विचारणारा, ऐकणारा एकच माणूस, तोही गेला. लटारूचे डोळे भरून आले. त्याने इकडेतिकडे पाहिलं. हमाल दुसऱ्या गाडीवर होते. त्याने पुडी परत बोरीत खोल दाबली, दाभण घेतलं, सुतळीने तोंड शिवलं आणि बोरीवर गावाचा मार्का आपल्या हाताने रंगवला. मग टेबलाशी जाऊन 'माल साफ' लिहिलं आणि सही ठोकली. इतक्या वर्षांत त्याने खोटी सही केली ती हीच.

तार आली ती होळीच्या आधी. बंदरावर तपासणी करणाऱ्याने नेमकी तीच बोरी फोडली होती. तांदळात पोरकिडे झाले होते. किडा दिसला म्हणताच सगळा लॉट धक्क्यावर अडवला, आणि जहाज निघून गेलं. कोणामुळे हे झालं, त्याचा लेखी खुलासा दलालाने मागितला होता.

नथमलशेठने तार तीनदा वाचून घेतली. "मार्का कोणता?"

"एटापल्लीकडचा."

"बस. उद्यापासून त्या बाजूचा माल बंद. लिहून टाक, माल भरणाऱ्या जंगलातल्या बाईने मंतरलेलं काही टाकलं, आम्हाला पता नव्हता."

त्या बाजूची चाळीस घरं याच तराजूवर उन्हाळा काढायची. दुसरा घेणारा सिरोंचाला, आणि तिथवर हिरडा वाहून न्यायचा तर बैलांनीच जीव टाकला असता.

"शेठ, त्या बाईची चूक नाई. पुडी मी पाह्यली होती. हातात घेतली होती. पाहून परत ठेवली."

"तू? काहे को?"

काय सांगणार? मेलेल्या मित्राला समुद्र दाखवायचा होता म्हणून? शेठने त्याला वेड्यात काढलं असतं, आणि शेठचं चुकलंही नसतं. "ठेवली," तो एवढंच म्हणाला.

शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला. "लटारू, अक्कल गहाण ठेवली का? तूने देखी नहीं, असं लिही. बाईचं नाव लिही. तुझी नोकरी राहील. ते जंगलचे लोक, हिरडा नाही तर दुसरं काही वेचतील."

"एफ.ओ.बी. माल हाये, शेठ. कठड्याच्या अलीकडं जे झालं ते पाठवणाऱ्याचं. तिनं तर माल माह्या हाती देल्ला होता. सही माही हाये."

"मग तुला ठेवता येणार नाही. मुंबईला दाखवायला कोणीतरी पाहिजे."

"समजते मले. त्यांचा माल बंद करू नका, एवढं करा."

शेठने तारेच्या कागदाची घडी घातली. मग होकाराची मान हलवली. खुलासा लिहायचा कोणी, हा प्रश्न होताच, कारण लिहिता येणारा एकच होता. लटारूने कोरा कागद ओढला. वीस वर्षं त्याने प्रत्येक पत्रात 'आम्ही' लिहिलं होतं. या पत्रात त्याने 'मी' लिहिलं, आपलं पूर्ण नाव लिहिलं, टीपकागदाने शाई टिपली आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

त्यानंतरही रोज सकाळी त्याचे पाय गोदामाकडेच वळायचे. फाटकासमोर चहाची टपरी होती, तिथे तो बसायचा. एकटेपण त्याला नवं नव्हतं. पण आजवर ते संध्याकाळी खोलीवर भेटायचं, आता सकाळपासूनच बरोबर यायचं. कधी एखादा हमाल रस्ता ओलांडून कागद दाखवायला येई. लटारू वाचून सांगे. हमाल आत जाई.

चैत्रात एटापल्लीच्या गाड्या परत आल्या. पहिल्या गाडीवर लच्छू होता आणि शेजारी सोमारी. ती एवढ्या दूर कधी आली नव्हती. उतरली, लुगड्याचा पदर सावरला आणि थेट लटारूसमोर येऊन उभी राहिली.

"तुमीच जहाजवाले बाबू?"

"हो, बाई."

"माहा मानूस तुमचं नाव लय घे." ती एक पाऊल पुढे आली. "बाबू, तो पोचला का?"

मालाबाबत लटारू कोणाशी कधी खोटं बोलला नव्हता. ती एक सही सोडली तर कधीच नाही. बोरी कुठे गेली हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बंदरामागच्या उकिरड्यावर.

"पोचला," तो म्हणाला.

"कठड्याच्या पलीकडं?"

"पलीकडं."

सोमारीने डोळे मिटले, उघडले. "बरं झालं. त्याले लय हौस होती पाहाची." मग तिने फाटकाकडे बोट केलं. "तुमी नाई येत आत? माल तोला लागते न."

"आत नवा बाबू हाये. चांगला हाये. तुमी जा, माल घेते तो."

ती गेली. लच्छू बोऱ्या उतरवायला धावला, बैल तसेच जुवाखाली सोडून. आतून तोलाऱ्याची हाक आली, "लाभ!" म्हणजे पहिली बोरी तराजूवर चढली होती. लटारू जागेवरून उठला. बैल जंगूचेच होते, आणि सहा दिवसांची वाट चालून आले होते. त्याने जू उतरवलं, टपरीवाल्याकडून बादली मागून घेतली आणि पाणी भरून आधी डाव्या बैलापुढे ठेवली. तो पाणी पीत होता तोवर लटारू त्याच्या मानेवरून हात फिरवत उभा राहिला.