चारशे सतराची घंटी

मी एक जुनी घंटी आहे. देवळातली समजून हात जोडू नका, मित्रांनो, मी मोटारीतली. जळगावहून धरणगाव, अमळनेर करत धुळ्याला जाणाऱ्या चारशे सतरा नंबरच्या लाल मोटारीत मी तेरा वर्षे नोकरी केली. आता एका कापडाच्या दुकानाच्या दारात टांगलेली असते. येथवर कशी आले ते सांगते, पण मधे कोणी बोलू नका. मला ती सवय नाही.

माझा जन्म धुळ्याच्या एका कासाराच्या भट्टीत झाला. खरे तर मला देवळासाठीच ओतले होते, पण माझा आवाज चिरका निघाला. पुजारीबोवांनी मला एकदाच वाजवून पाहिले आणि म्हणाले, हिच्याने देव जागे व्हायचे नाहीत, दचकतील. झाले, माझे देऊळ हुकले. ते साल होते १९६१. मोटारींच्या आगाराला मात्र अशाच दचकवणाऱ्या घंटीची गरज होती. देव दचकून चालत नाही, ड्रायव्हर दचकलेला बरा असतो.

मला ड्रायव्हरच्या डोक्यापाशी बसवले. माझ्या लोलकाला सुताची दोरी बांधली आणि ती छताच्या कड्यांतून ओवून मागच्या दारापर्यंत नेली. तिचे टोक कंडक्टरच्या हाताशी. दोरी एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. मला एवढे दोनच शब्द येतात. पण त्या दोन शब्दांवर पन्नास माणसे, त्यांची गाठोडी आणि बाकाखालच्या कोंबड्या हलत नि थांबत. मला त्याचा गर्व होता. अजूनही आहे.

म्हणूनच कंडक्टरखेरीज कोणी दोरीला हात लावलेला मला खपत नसे. पण आपल्या लोकांना दोरी दिसली की तिच्यावर काहीतरी टांगल्यावाचून राहवत नाही. कोणी टोपी अडकवी, कोणी ओला पंचा वाळत घाली. धरणगावच्या सुंदरबाई अमळनेरच्या बाजाराला वांगी नेत, त्यांनी तर एकदा टोपलीच दोरीला बांधली. प्रत्येक खड्ड्याला टोपली हिंदकळे, दोरी ताणली जाई आणि मी ‘थांबा’ म्हणे. ड्रायव्हर झुलालभाऊ थांबत, वळून पाहत; उतरायला कोणीच उठत नसे. असे चौथ्यांदा झाले तेव्हा ते तावातावाने मागच्या दाराशी आले. त्यांनी काही बोलायच्या आत सुंदरबाईंनीच त्यांना झापले, की दर पावलाला मोटार उभी करतोस, मी बाजारात पोचणार केव्हा?

आता भिकमशेठची ओळख करून देते. भिकमचंद हे जळगावचे कापड व्यापारी. त्यांचे दुकान मोटारस्टँडच्या अगदी समोर. वाडवडिलांनी ती जागा गिऱ्हाईक मिळावे म्हणून घेतली होती. भिकमशेठना ती मोटारी दिसाव्या म्हणून मिळाली असे वाटे. हातात गज घेऊन लुगडे मोजत असले आणि बाहेर भोंगा वाजला, की गज तसाच हवेत राही. “दोनशे तेहेतीस,” ते न बघताच म्हणत. गिऱ्हाईकाला वाटे, लुगड्याचा भाव सांगितला. ते उठून चालू लागे.

आगारातल्या साऱ्या मोटारींची त्यांनी एक वही केली होती. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची ती जाड वही त्यांच्या काखेत असे. कोणती मोटार किती वाजता आली, किती वाजता सुटली, चाकावर कोण होते, हे सगळे तिच्यात असे आणि शेवटी प्रत्येकीचा स्वभावही. दोनशे तेहेतीस चढाला खोकते, उताराला गाते. तीनशे पाचचे दार लावायला दोन माणसे लागतात, उघडायला एकही लागत नाही. पिंप्राळ्याची ब्याण्णव जाताना जितकी माणसे नेते त्याहून एक जास्त परत आणते; तो माणूस कोठे चढतो याचा शोध चालू आहे. आणि आमच्या चारशे सतरापुढे लिहिले होते: शहाणी गाडी, घंटी चिरकी पण खरी. मित्रांनो, पुजारीबोवांनी केलेला अपमान मी त्या ओळीवर विसरले.

चंद्रकांताबाई, म्हणजे भिकमशेठच्या घरच्या, एकदा म्हणाल्या होत्या, की माझ्या कपाळावर कुंकवाऐवजी नंबर रंगवला असता तर ह्यांनी माझ्याकडे दिवसातून दोनदा तरी पाहिले असते, एकदा येताना आणि एकदा जाताना. भिकमशेठनी यावर विचार करून म्हटले म्हणे, की जाताना मागचा नंबर बघावा लागतो.

दर गुरुवारी ते माल आणायच्या निमित्ताने धुळ्याला निघत, तेही आमच्याच मोटारीने. कंडक्टरच्या शेजारची, दोरीखालची जागा त्यांची ठरलेली. आयुष्यात एकदा दोन घंट्या द्यायच्या, एवढीच त्यांची इच्छा होती. कंडक्टर शालिग्रामला त्यांनी ती किती वेळा बोलून दाखवली असेल. शालिग्राम चोविशीतला, कानांवर टोपी टेकलेला, गरीब पण नियमाला पक्का. वर्षभर तो तात्पुरता होता. महिन्याभरात कायम होण्याचा हुकूम यायचा होता, आणि त्या हुकमावर घरी म्हातारी आई आणि दोन बहिणी डोळे लावून बसल्या होत्या. तो हसून म्हणे, शेठ, मागाल ते देईन, दोरी तेवढी मागू नका.

१९६६ सालच्या मार्गशीर्षातला गुरुवार होता. रस्त्यावर कपाशीच्या गाड्यांची रांग लागली होती, म्हणून धरणगावला पोचायलाच उशीर झाला. तेथून आमची सुटण्याची वेळ अकरा दहा. शालिग्राम स्टँडवर वेळेची नोंद करायला खाली उतरला. अकरा दहा झाले, अकरा अकरा झाले, अकरा बारा झाले. भिकमशेठ घड्याळाकडे बघत होते आणि त्यांचा जीव खालीवर होत होता, कारण त्यांच्या वहीत चारशे सतरा धरणगावहून कधीच उशिरा सुटलेली नव्हती. तेवढ्यात मागच्या दारातून एक खाकी सदरा आत चढला. भिकमशेठनी तो डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला. नीट पाहिला असता तर तो पोस्टमन आहे हे कळले असते. पण मला वाटते, त्यांना नीट पाहायचेच नव्हते. त्यांचा हात वर गेला.

दोन घंट्या. इतक्या नेमक्या, इतक्या प्रेमाने मला कोणी कधी वाजवले नव्हते. झुलालभाऊंनी गाडी सोडली.

गाव मागे पडले तरी तिकिटे फाडायला कोणी येईना. कंडक्टर नाही हे पाच-सहा जणांना कळले होते, पण त्यांतल्या तिघांनी तिकीट काढलेले नव्हते, म्हणून ते खिडकीबाहेरचे शेत फार बारकाईने पाहत होते. भिकमशेठनी आता पोस्टमनला नीट पाहिले. दोरी डोक्यावर लोंबत होती, एकदा ओढली की काम झाले असते; पण तो हात आता उचलेना. शेवटी सुंदरबाईंनी उठून दोरीला एक हिसडा दिला.

“झुलालभाऊ, तुन्हा कंडक्टर धरणगावलेच राही गया,” त्या म्हणाल्या.

झुलालभाऊंनी गाडी उभी केली, मान वळवली आणि बराच वेळ दोरीकडे पाहिले. “मंग घंटी कोनी दिन्ही?”

लोक एकमेकांकडे पाहू लागले. झुलालभाऊ विचारात पडले. मागे वळावे तर मार्ग सोडल्याचा ठपका, पुढे जावे तर कंडक्टरविना गाडी नेल्याचा ठपका, उभे राहावे तर उशिराचा ठपका. त्यांनी तिन्हींतला सर्वांत कमी कष्टाचा ठपका निवडला आणि बाभळीखाली बसून बिडी पेटवली.

अर्ध्या तासाने कपाशीने भरलेली एक बैलगाडी आली. तिच्यावर तिकिटांची पेटी छातीशी धरून शालिग्राम बसला होता. भुवयांपासून बुटांपर्यंत तो कापसाने पांढरा झाला होता. लोक हसले, मीही हसले असते, पण त्याच्या पाठोपाठ तपासणीची जीप आली. तीतल्या साहेबांनी विचारले, गाडीला घंटी कोणी दिली? शालिग्रामने दोरीकडे पाहिले, मग भिकमशेठकडे पाहिले. वर्षभर शेजारी बसणाऱ्या माणसाचा चेहरा त्याला वाचता येत नव्हता असे नाही.

“दोरी माझी आहे, साहेब,” तो म्हणाला. “सोडून गेलो, ती चूक माझी.”

भिकमशेठ खाली पाहत राहिले. मित्रांनो, मला त्यांचा त्या क्षणी फार राग आला.

शालिग्रामला घरी बसवले आणि चौकशी लागली. कायम होणे तर राहोच, त्याची असलेली नोकरीही जाणार असे आगारात सगळे म्हणू लागले. मला मुद्देमाल म्हणून काढून आगाराच्या साहेबांच्या टेबलावर ठेवले. तेथे दौतीशेजारी मी आठ दिवस मुकी बसून होते. तिकडे दुकानात भोंगे वाजत आणि भिकमशेठ मान वर करत नसत. लुगडी मोजून संपत, गिऱ्हाईक खूश होऊन जाई, धंदा कधी नव्हे तो चालला. चंद्रकांताबाई घाबरल्या. ह्यांना नक्की काहीतरी झाले आहे असे त्यांना वाटले. आठव्या दिवशी त्यांनी लाल वही आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, काय झाले ते मला सांगू नका, पण जेथे सांगायचे तेथे जाऊन या.

चौकशीच्या खोलीत शालिग्राम भिंतीशी उभा होता. भिकमशेठ आत आले, त्यांनी वही उघडून साहेबांपुढे, अगदी मला टेकवून ठेवली. त्या गुरुवारची ओळ मला स्पष्ट दिसत होती. *धरणगाव. सुटली ११.१४. उशीर चार मिनिटे. घंटी देणारा: स्वतः.*

“मी दिली, साहेब,” भिकमशेठ म्हणाले. “ह्या पोराचा काही दोष नाही.”

साहेबांनी विचारले, मग आठ दिवस गप्प का होता?

“वहीत त्याच दिवशी लिहिले होते. वहीत मला खोटे लिहिता येत नाही. तोंडाने म्हणायला आठ दिवस लागले.”

साहेब वही चाळू लागले. एक पान, दोन पाने, मग त्यांनी चहा मागवला. आपल्या आगाराच्या गाड्या कधी येतात आणि कधी जातात हे त्यांना पहिल्यांदाच कळत होते. तासाभराने त्यांनी निकाल दिला. शालिग्राम निर्दोष. भिकमचंद यांनी यापुढे प्रवासात दोरीपासून चार बाके दूर बसावे. आणि वहीची नक्कल दरमहा आगारात आणून द्यावी.

पुढच्या महिन्यात शालिग्राम कायम झाला, पेढे घेऊन पहिला दुकानात गेला. भिकमशेठनी पेढा घेतला, पण त्याच्याकडे बघायला त्यांना आणखी दोन गुरुवार लागले. चार बाकांचा नियम त्यांनी आठ वर्षे पाळला. धरणगावला मोटार उभी असेपर्यंत ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. शेजारचे विचारत, थंडी वाजते का शेठ? ते हो म्हणत, चैत्रातसुद्धा.

१९७४ साली चारशे सतरा मोडीत काढायचे ठरले. शेवटच्या फेरीला झुलालभाऊ चाकावर होते. सुंदरबाई होत्या, त्यांची वांगी होती. धरणगावला शालिग्राम नोंद करून वर आला, आपल्या जागेवर बसला आणि चार बाके पुढे हाक मारली.

“शेठ, इकडे या. आज दोरी तुमची.”

भिकमशेठ आले, पण दोरी धरेनात. “तू आत आहेस ना?” त्यांनी विचारले. शालिग्राम हो म्हणाला. त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावून खात्री केली. मग दारातून डोके काढून मागे पाहिले. मग खाली उतरून मोटारीला एक फेरी मारली, पाणपोईवर जाऊन कोणी धुळ्याचे आहे का विचारले, परत येऊन झुलालभाऊंनाही त्यांच्या जागेवर पाहून घेतले. गाडीत जो खाकी दिसला त्याला नाव विचारले.

“बठ्ठा ऊनात, शेठ,” शेवटी सुंदरबाई म्हणाल्या. “ओढा आते.” खरेच सगळे आले होते.

त्यांनी दोन घंट्या दिल्या. माझा आवाज नेहमीसारखाच चिरका निघाला. भिकमशेठ रडत होते. मीही काही म्हटले असते, पण मला दोनच शब्द येतात आणि ते दोन्ही झाले होते.

मोटार मोडीत गेली. भिकमशेठनी साहेबांना अर्ज करून मला मागून घेतले. चंद्रकांताबाई महिन्यातून एकदा मला चिंचेने घासतात आणि घासताना ह्या घरातल्या साऱ्या गोष्टी सांगतात. त्या आठ दिवसांची हकिगत मला अशीच कळली. दुकानात आलेली मुले दोरी ओढून पळतात. पूर्वी मला ते खपले नसते, आता बरे वाटते.

तेव्हा ओढा, मित्रांनो. फक्त दोन घंट्या देण्याआधी एकदा मागे वळून पाहा, कोणी खाली राहिले का. तेवढ्याने उशीर झाला तर होऊ द्या. शेवटच्या फेरीची ती ओळ भिकमशेठ अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात: *धरणगाव. सुटली ११.२१. उशीर अकरा मिनिटे. घंटी देणारा: स्वतः. सर्व आत.*