सावळघाटाची रेघ

“रंगीत पडदा नको, काका. बॅटरी किती तास टिकते तेवढं सांगा.”

सहा वर्षं झाली, पण दहावीतल्या पल्लवीचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मित्रांनो, मी सायकलच्या हँडलवर बसणारा एक जुना जीपीएस आहे. दुकानातल्या सर्वांत स्वस्त रांगेतला. माझ्यात नकाशा नाही, गाणी नाहीत. एक काळी रेघ, तिच्यावर सरकणारा बाण आणि चाललेल्या वाटेची क्षणाक्षणाची नोंद, एवढंच माझं धन.

“मास्तर, मोबाइलच लावा की,” दुकानदार पल्लवीच्या वडिलांना म्हणाला.

“तो उन्हात दुपारीच मान टाकतो,” उत्तर पल्लवीनेच दिलं. “आणि घामेजल्या बोटांना दाद देत नाही.”

पल्लवीचे वडील म्हणजे हिरामण. देवळाली कॅम्पात जवानांचे गणवेश शिवणारा तो शिंपी. कापड काय, यंत्र काय, बोटांनीच पारखायचा. डोळे मिटून त्याने माझी बटणं चाचपली आणि म्हणाला, “हाच द्या. न बघताही हाताला कळतोय.”

मग सुरू झाले माझे फिरतीचे दिवस. कधी सायखेड्याला गोदेच्या काठाकाठाने, कधी वणीच्या चढावर वाऱ्याला छाती देत. वाट चुकली की मी टीं टीं करायचो. हिरामण हसून म्हणायचा, “वळतो रे बाबा, वळतो.” घरी आल्यावर फडक्याने मला पुसायचा, जशी सुई पुसून जागेवर ठेवावी तसा.

आणि तो मोठ्या फेरीचा दिवस आला. नाशिकहून पेठ ओलांडून गुजरातेत शिरायचं आणि परत यायचं. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास. वाटेत कार्डावर शिक्के घ्यायचे. वेळेत पोचेल त्याला पदक.

परतताना सावळघाटाच्या पायथ्याशी हिरामणच्या पोटऱ्यांत गोळे आले. तो दगडावर बसून राहिला. रिकामे क्रेट घेऊन निघालेला एक टेम्पो थांबला. काळू नावाचा चालक खाली वाकून म्हणाला, “टाका ना भाऊ सायकल वर. हितं कोण बघतंय?”

हिरामणने घाटाकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. आणि सायकल वर टाकली.

पायडल थांबलेलं होतं आणि माझी रेघ धावत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कामाचं ओझं वाटलं.

पदक मिळालं. घरात आनंद मावेना. त्याची आई कुसाबाई दळण निवडता निवडता गायला लागली:

घाटाची चढण, चढं माझा हिरामण
त्याच्या गं नावाचं, दारी बांधिलं तोरण

“पप्पा, सावळघाट कितीत चढलात?” पल्लवीने विचारलं.

“चाळीस मिनिटांत,” हिरामण म्हणाला. “पाय न टेकवता.” गिऱ्हाइकाच्या मापात कधी बोटभर फरक न करणारा माणूस, पण हे बोलताना त्याची नजर जमिनीवर होती.

त्या दिवसापासून मी खणात गेलो. दोऱ्याच्या रिळांखाली, खडूच्या तुकड्यांत. बिघडलो म्हणून नव्हे, मला माहीत होतं म्हणून. कधीमधी तो मला बाहेर काढी. नोंद पुसायची तर बटण दोनदा दाबावं लागतं. तो एकदा दाबी, थांबे, आणि मला परत आत ठेवी.

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या साधनांना जपा. पावसातून आणलंत तर कोरडं करा, पडून असलो तरी अधूनमधून चार्ज करा. स्वस्त म्हणून हिणवू नका. आणि आम्ही खरं तेच दाखवतो, एवढ्या अपराधासाठी आम्हाला अंधारात कोंडू नका.

यंदा पल्लवीने त्याच फेरीत नाव घातलं. तिने मला मागितलं, तर हिरामण म्हणाला, “त्याची बॅटरी गेलीय.” तिने मला स्वतःच शोधलं, चार्ज केलं, आणि सरावाला सावळघाट गाठला. पाऊण घाट झाला आणि चाळीस मिनिटं उलटली. ती जिवाच्या आकांताने पायडल मारू लागली. शेवटच्या वळणावर पाय लुळे पडले. ती उतरली, सायकल ढकलत माथ्यावर पोचली.

घरी आल्यावर बूटसुद्धा न काढता ती उंबऱ्यात बसली. “पप्पा, मी नाव काढून घेते. तुम्हाला या वयात जमलं. माझ्यातच दम नाही.”

“अगं, बापाची सर कशी येईल?” आतून कुसाबाई कौतुकाने म्हणाली.

हिरामणचं मशीन थांबलं. तो उठला, हँडलवरून मला काढून त्याने लेकीच्या हातात दिलं आणि आई ऐकतेय हे माहीत असूनही तिथेच उंबऱ्यात, पल्लवीशेजारी बसला.

“पले, तू चढलीस तेवढासुद्धा घाट मी चढलो नाही. सायकल टेम्पोत टाकली होती मी.”